यंत्राची नाडी

आमच्या घरात नाडी पाहण्याचा मान माझ्या आजीचा. कुणाला ताप येवो की कुणाचे पोट दुखो, आधी तिच्यापुढे जाऊन बसायचे. ती मनगट धरते, जीभ बाहेर काढायला लावते आणि मग तिचा ठरलेला प्रश्न येतो, "काल का खाल्लास गा?" काढा नंतर, प्रश्न आधी. लहानपणी मला या प्रश्नाचा भारी कंटाळा येई. पुढे कधीतरी हाच प्रश्न मी एका निर्जीव वस्तूला विचारीत बसेन, असे कुणी सांगितले असते तर मी त्याला वेड्यात काढले असते.

ती निर्जीव वस्तू म्हणजे आमच्या घरचा लॅपटॉप. २०२३ मध्ये बी. ए.च्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला तेव्हा बाबांनी धान विकून आलेल्या पैशांतून नऊ हजार रुपये माझ्या हातावर ठेवले. वडशापर्यंत एस. टी. आणि पुढे नागपूर, असा प्रवास करून मी तो सीताबर्डीतून आणला. अर्थात जुनाच; कुणीतरी मनसोक्त वापरून विकलेला. जन्म २०१२ सालचा, म्हणजे माझ्याहून सात वर्षांनी लहान. पण यंत्राची वर्षे माणसाच्या वर्षांसारखी मोजत नाहीत. त्या हिशेबाने तो माझ्या आजीच्याच वयाचा होता! त्याची बॅटरी पार संपलेली होती. भिंतीतल्या विजेची वायर लावून ठेवली तरच त्याच्यात जीव. आणि आमच्या कुरखेड्याकडे पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नाही. जंगलातून येणाऱ्या तारेवर एखादी फांदी पडली की गाव अंधारात. गावाच्या बरोबरीने आमचा लॅपटॉपही तत्क्षणी डोळे मिटी.

त्याचा पहिला आजार अजून आठवतो. शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला दोन दिवस उरले होते. रात्री वीज गेली होती, सकाळी आली. लॅपटॉप सुरू केला, अर्जाचे संकेतस्थळ उघडले, तर पडद्यावर ताकीद आली की तुमचे कनेक्शन सुरक्षित नाही. दुसरे संकेतस्थळ उघडले, तीच ताकीद. तिसरे, चौथे, तेच! जणू साऱ्या जगाने आमच्या घराला वाळीत टाकले होते. घाबरून मी तो एका दुरुस्तीच्या दुकानात नेला. दुकानदाराने त्याच्याकडे एक नजर टाकली आणि निदान सांगितले, "मदरबोर्ड गेला. चार हजार लागतील." मी लॅपटॉप काखेत मारला आणि घरी येऊन ओसरीवर डोके धरून बसलो.

आजी सूप घेऊन तांदूळ पाखडीत होती. माझा चेहरा पाहून तिने सवयीप्रमाणे विचारले, "का झाला गा बाबू? काल का खाल्लास?"

मी चिडून म्हणालो, "मला नाही, याला झालंय!"

"मंग त्याले इचार," ती म्हणाली आणि पुन्हा पाखडू लागली.

तिने ते गमतीने म्हटले असेल. पण मी खरोखरच विचार करू लागलो. काल हा चांगला होता. आज बिघडला. मधल्या रात्रीत काय झाले? वीज गेली. वीज गेल्याने याचे काय बदलले असेल? मी पडदा कोपऱ्या-कोपऱ्याने वाचू लागलो, आणि उजव्या हाताला खाली, जिकडे आपण कधी पाहतही नाही तिथे, तारीख दिसली : १ जानेवारी २०१२.

वाचकहो, मला हसावे की रडावे ते कळेना. आमच्या लॅपटॉपच्या लेखी मी अजून सहा वर्षांचा होतो आणि पाटीवर अक्षरे गिरवीत होतो!

पुढे त्याचे कारण शोधून काढले. लॅपटॉपच्या पोटात एक छोटासा, रुपयाच्या नाण्याएवढा सेल असतो. यंत्र बंद असताना आतले घड्याळ चालू ठेवणे एवढेच त्याचे मुख्य काम. आमचा सेल मेला होता आणि मोठी बॅटरी तर आधीच मेलेली. म्हणून वीज गेली की घड्याळ थांबे आणि पुन्हा सुरू होताना ते आपल्या जन्माच्या काळात जाऊन उभे राही. आता, प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाजवळ ओळखीचे एक प्रमाणपत्र असते. ते कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत ग्राह्य, हे त्यावर नोंदलेले असते. २०१२ मध्ये बसलेल्या आमच्या लॅपटॉपला ही सारी प्रमाणपत्रे भविष्यकाळातली वाटली. म्हणून तो ओरडत होता. बिचाऱ्याचे चुकत नव्हते. तो फक्त काळ विसरला होता. मी तारीख दुरुस्त केली. अर्ज पाच मिनिटांत उघडला. पुढे तीस-चाळीस रुपयांचा नवा सेल आणून बसवला. चार हजारांचा मदरबोर्ड जागच्या जागी होता, आजही आहे.

त्या दिवशी मी शंभर पानी वही आणली आणि तिच्यावर 'आजार-वही' असे लिहिले. पानाचे तीन भाग केले : लक्षण काय, त्याआधी काय घडले, आणि काय केल्यावर बरे वाटले. पडद्यावर येणारी सूचना घाबरून पुसून टाकण्याऐवजी ती अक्षर न् अक्षर उतरवून घ्यायची, हा पहिला नियम. एका वेळी एकच उपाय करायचा, हा दुसरा. दहा उपाय एकदम केले आणि यंत्र बरे झाले तर गुण कोणत्या औषधाला आला, हे कळणार कसे?

ही वही आता भरत आली आहे. तिच्यातली काही पाने मित्रांच्या उपयोगी पडतील म्हणून सांगतो.

एप्रिल-मे महिन्यात लॅपटॉप अर्ध्या तासात आपोआप बंद पडू लागला. मी तो गादीवर ठेवून काम करीत होतो. त्याचा श्वास घेण्याचा मार्ग खालून असतो, आणि तोच मी गादीने दाबला होता! आत अति उष्णता झाली की यंत्र स्वतःला वाचवण्यासाठी बंद होते. तो त्याचा शहाणपणा असतो, बिघाड नव्हे. झाकण काढून पाहिले तर पंख्याच्या तोंडाशी कापसाच्या पेळूसारखी धूळ साचलेली. पंख्याची पाती काडीने अडवून धरली, फुगे फुगवायच्या पंपाने हवा मारली आणि खाली सागाच्या फळीचे दोन तुकडे ठेवले. उन्हाळा निभावला.

पावसाळ्यात वेगळीच तऱ्हा. एके दिवशी बटण दाबले तर दिवा लागला, पंखा फिरला, पण पडदा काळा तो काळाच. अशा वेळी आधी विजेची वायर काढायची, बॅटरी काढायची आणि चालू करण्याचे बटण अर्धा मिनिट दाबून धरायचे. आत साठलेली उरलीसुरली वीज त्याने निघून जाते. मग लोखंडी वस्तूला हात लावून अंगातली वीज उतरवायची आणि आतली रॅमची पट्टी हलक्या हाताने काढायची. ओल्या हवेने तिच्या सोनेरी दातांवर मळ चढलेला असतो. तो शाळकरी पोराच्या खोडरबराने पुसायचा, पट्टी 'टक्' आवाज येईपर्यंत पुन्हा बसवायची, आणि देवाचे नाव घ्यायचे. दहांपैकी बऱ्याच वेळा देव पावतो.

कधी कधी आजार असतच नाही. माझा एक वर्गमित्र भयभीत होऊन आला. त्याच्या लॅपटॉपवर अक्षरांऐवजी आकडे उमटत होते. 'आय' दाबले की ५, 'ओ' दाबले की ६! घरच्यांनी लिंबू उतरवण्यापर्यंत मजल नेली होती. मी आकड्यांचे कुलूप असलेले 'नमलॉक' बटण एकदा दाबले आणि भूत उतरले. दुसऱ्या एकाच्या पडद्यावर लिहून आले की चालू होण्यासाठी लागणारी डिस्क सापडत नाही. त्याला वाटले, सारे गेले. प्रत्यक्षात झाडीपट्टीतल्या नाटकांची गाणी भरलेला पेनड्राइव्ह त्याने तसाच खोचून ठेवला होता आणि यंत्र आपली डिस्क सोडून त्या गाण्यांत स्वतःला शोधीत बसले होते. पेनड्राइव्ह उपसला, यंत्र उठले.

मराठी विभागाच्या विद्यार्थ्यांनी तर एक आजार आवर्जून ओळखायला हवा. जुनी प्रश्नपत्रिका किंवा टिपणे उघडावीत आणि मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची निरर्थक खिचडी दिसावी, असे अनेकांना झाले असेल. फाइल बिघडलेली नसते. जुन्या काळी 'कृतिदेव'सारख्या फाँटमध्ये मराठी लिहीत, तेव्हा आत साठवलेली अक्षरे रोमनच असत. फाँट त्यांच्या तोंडावर देवनागरीचा मुखवटा चढवी. तो फाँट तुमच्या यंत्रात नसला की मुखवटा गळतो आणि नाटकातला राजा रंगपटात दिसावा तशी ती अक्षरे उघडी पडतात. फाँट घातला की राजा पुन्हा राजा. युनिकोडमध्ये मात्र देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो. १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली, तिच्यातच देवनागरीला जागा मिळाली होती. म्हणून माझी मित्रांना विनंती असते की मराठी लिहायचे तर युनिकोडमध्येच लिहा. निदान दुसऱ्याच्या घरी गेल्यावर आपल्या भाषेचा चेहरा तरी कायम राहील.

आमच्याकडे श्रावणात दिव्याभोवती पाखरांचा थवा जमतो. एकदा लॅपटॉपचा पंखा खरखर करू लागला. उघडून पाहतो तो आत एक इवलेसे पाखरू अडकून मेलेले! चिमट्याने काढले आणि गंमत म्हणून वहीत चिकटपट्टीने डकवले. नंतर वाचनात आले की माझ्या आधी हे करणारी मंडळी होऊन गेली आहेत. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या 'मार्क टू' या अवाढव्य गणकयंत्रात ९ सप्टेंबर १९४७ रोजी असाच एक पतंग सापडला. तिथल्या मंडळींनी तो नोंदवहीत चिकटवला आणि शेजारी लिहून ठेवले की खराखुरा किडा सापडण्याची ही पहिलीच वेळ. यंत्रातल्या दोषाला 'बग' म्हणजे किडा म्हणण्याची रीत त्याआधीपासूनच होती; म्हणूनच तर त्यांना ती गंमत वाटली. कुठे हार्वर्ड आणि कुठे कुरखेडा! पण वही आणि पाखरू दोन्हीकडे सारखेच.

बिघाड केवळ आपल्यासारख्या गरिबांच्या जुन्या यंत्रांनाच गाठतो, असेही समजू नये. १९ जुलै २०२४ रोजी 'क्राउडस्ट्राइक' या सुरक्षा कंपनीने पाठवलेल्या एका सदोष दुरुस्तीने जगभरातले सुमारे ८५ लाख संगणक निळा पडदा दाखवून बसले. विमाने खोळंबली. आपल्या देशातल्या विमानतळांवरही प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. आणि उपाय काय होता? एकेका यंत्राजवळ जाऊन ते 'सेफ मोड'मध्ये सुरू करायचे आणि ती एक वाईट फाइल हाताने काढायची. ते वाचून मला उगीचच धीर आला. मोठमोठ्या शहरांतले अभियंतेही शेवटी आजीचाच प्रश्न विचारीत होते : काल याने काय खाल्ले?

एव्हाना माझी ख्याती पसरली होती. शेजारपाजारचे, मित्रांचे, मित्रांच्या मामांचे लॅपटॉप आमच्या ओसरीवर येऊ लागले. कुणी 'डॉक्टर' म्हणू लागले. खरे सांगतो, मला ते आवडू लागले. आणि इथेच माझा घात झाला.

मराठी विभागाच्या प्रकल्पासाठी मी झाडीबोलीतली गाणी गोळा करायचे ठरवले होते. त्यासाठी कुठे दूर जायची गरज नव्हती. गाण्यांची खाण घरातच होती. रोवणीच्या वेळी बाया चिखलात वाकून म्हणतात ती गाणी, लग्नातली गाणी, पाळण्यातली गाणी. २०२४ च्या पावसाळ्यात आजीने मला चाळीस गाणी दिली. मी ती मोबाइलमध्ये भरून घेतली. मोबाइलची जागा भरली म्हणून लॅपटॉपमध्ये उतरवली आणि मोबाइलमधून पुसून टाकली.

ऑक्टोबरातल्या एका संध्याकाळी वीज गेली, आली, पुन्हा गेली, पुन्हा आली. लॅपटॉप सुरू केला तर आतून बारीक आवाज येऊ लागला : टक्... टक्... टक्. जुन्या लॅपटॉपच्या हार्ड डिस्कमध्ये एक चकचकीत तबकडी मिनिटाला ५४०० फेऱ्या घेत असते आणि तिच्यावरून केसापेक्षाही कमी अंतरावरून वाचणारे डोके फिरते. वीज अचानक गेली की त्या डोक्याला दर वेळी घाईने मागे सरावे लागते. इतके दिवस ते निमूटपणे मागे सरत आले होते. त्या दिवशी ते थकले.

त्या 'टक् टक्'चा अर्थ एकच होता : हात लावू नकोस. ताबडतोब बंद कर आणि जाणकाराकडे ने. पण मी डॉक्टर होतो ना! मी वही उघडली. रात्रभर डिस्क तपासणारा उपाय चालवला. तो थांबला की यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले. एकदा नव्हे, अकरा वेळा. पहाटे आवाजही थांबला.

नागपूरच्या एका तंत्रज्ञाने डिस्क उघडून पाहिली. तबकडीवर ओरखडे पडले होते. तो शांतपणे म्हणाला, "आवाज आला तेव्हाच बंद केला असता तर काही तरी निघालं असतं." परतीच्या गाडीत मी वडशापर्यंत खिडकीबाहेर पाहत बसलो. दुकानदाराने माझा मदरबोर्ड न पाहताच मोडीत काढला होता, त्याचा मला केवढा राग आला होता! मी तरी निराळे काय केले? त्यानेही नाडी पाहिली नाही, मीही नाही.

आजीला सांगायला धीर होईना. शेवटी सांगितले. ती रागावली नाही. तिने एवढेच विचारले, "दुसरीकडं ठेवला नव्हतास?"

"नाही."

"काहून गा? बियाना का कोनी एकाच ढोलीत ठेवते?"

आमच्या घरी पुढच्या सालाचे बियाणे खाण्याच्या धानात कधीच मिसळत नाहीत. थोडे एका ढोलीत, थोडे माळ्यावर, थोडे मामाच्या घरी. एकीकडे उंदीर लागला, दुसरीकडे ओल आली, तरी तिसरे वाचावे. ही रीत मी जन्मापासून पाहत आलो होतो. पण ती यंत्रालाही लागू आहे, हे मला चाळीस गाणी गेल्यावर कळले.

मी आजीला म्हणालो, "पुन्हा गा." ती गायली. थंडीच्या दिवसांत, चुलीपुढे बसून, आठवत आठवत तिने सव्वीस गाणी दिली. बाकीच्यांसाठी ती बराच वेळ डोळे मिटून बसे आणि मग मान हलवी. ती सारी रोवणीची गाणी होती. ती म्हणाली की चिखलात पाय असल्याशिवाय ती गाणी तोंडात येत नाहीत.

२०२५ च्या पावसाळ्यात मी तिच्यासोबत बांधीत उतरलो. तिची कंबर आता वाकण्याजोगी राहिलेली नाही. ती धुऱ्यावर बसली, पाय मात्र तिने चिखलात सोडले. बाया रोवत होत्या, एकीने सुरुवात केली, आणि आजीच्या तोंडून अवचित एक हरवलेले कडवे आले. मग आणखी एक गाणे. पाऊस वाढला म्हणून आम्ही परतलो. त्या मोसमात नऊ गाणी परत आली. पाच अजून बाकी आहेत.

जी आली ती आता तीन ठिकाणी आहेत : लॅपटॉपच्या नव्या डिस्कमध्ये, मामाच्या घरी ठेवलेल्या पेनड्राइव्हमध्ये, आणि एका वहीत माझ्या हस्ताक्षरात. आजार-वहीतही त्या रात्रीची नोंद मी केली आहे. लक्षण लिहिले, त्याआधी काय घडले तेही लिहिले. तिसऱ्या रकान्यात लिहिले : 'हात काढून घ्यायला हवा होता.'

अजूनही ओसरीवर लॅपटॉप येतात. आता मी कुणालाही पहिला प्रश्न विचारतो तो बिघाडाचा नव्हे. मी विचारतो, "यात जे आहे ते दुसरीकडे कुठे ठेवलंय का?" बहुतेक जण मान हलवतात. मग आम्ही आधी ते काम करतो आणि त्यानंतरच नाडी पाहतो.

रोवणीला अजून काही महिने आहेत. आजी बरी आहे.